समजलं ना?

निवडून आलेला नेता हुकूमशहा कसा होतो, हे युरोपच्या इतिहासातून शिकवून झाल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "समजलं ना?"

"हो, सर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

ऐकून बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. हुकूमशहाला बंदुका नंतर लागत असाव्यात. सुरुवातीला असा गोड होकार पुरतो. माझ्या त्या 'ना'ला तर नकाराची सवयच नव्हती.

तेवढ्यात सायली उभी राहिली. "मला नाही समजलं, सर. लोकांनीच मतं दिली, मग चुकलं कोण?"

"बस गं, घंटा होईल!" शेजारीण कुजबुजली.

घंटा झालीच. "उद्या बोलू," मी म्हणालो.

"उद्या नाही, आत्ताच!" चार-पाच जण ओरडले.

मी खुशीत खुर्ची ओढली. इतका बेशिस्त वर्ग मला वीस वर्षांत मिळाला नव्हता.