तिला नको असलेलं पाणी

आई पाणी प्यायची नाही. गुडघे गेलेले, बाथरूमला उठायचा कंटाळा, म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढायची. नागपूरच्या मे महिन्यात हा हट्ट, आणि मी शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. मी काय केलं, तर थट्टा केली. "तू काय चिंकारा आहेस का गं, पाण्यावाचून राहायला?" तो कोण, असं तिने विचारलं की वर्गात सांगते तसंच सांगायची. ती वाळवंटातल्या हरणाची जात, आपल्या माळरानावरही राहते. दुपारभर सावलीत निपचित बसते. अंग तापलं तर तापू देते, घामात पाणी घालवत नाही. पहाटे पानांत थोडी ओल असते तेव्हा चरते आणि तेवढ्यावर भागवते. "शहाणं आहे," आई म्हणायची आणि तांब्या बाजूला सारायची.

मागच्या उन्हाळ्यात ती ऊन लागून गेली. घरातल्या घरात. कूलरची टाकी कोरडी पडली होती आणि मी शाळेत पेपर तपासत बसले होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस गेलं की त्याच्या नावाने पाणी ठेवतात. कुणी चौकात माठ मांडतं, कुणी गुरांसाठी टाकं बांधतं. कळमेश्वरच्या पुढे आमचं थोडं शेत आहे. त्याच्या बांधापलीकडे पडीक रानात चिंकाऱ्याची एक मादी बरीच वर्षं दिसायची. या उन्हाळ्यात मी तिथे सिमेंटचं टाकं बसवलं, त्यावर आईचं नाव रंगवून घेतलं. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या काकूंना रोज पाइप लावायला सांगितलं.

"थे पाणी पेत नाही वं बाई," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्सात म्या कधी पाहिलं नाही. काहून भरून राहिली?"

मला रागच आला. हे काकूंनी मला शिकवावं? माहीत का नव्हतं मला? पण कोणीतरी तहानेलं आहे आणि आपण पाणी ठेवलं, एवढं मला त्या दिवसांत हवं होतं. "भरा हो तुम्ही," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी गेले तर टाक्याच्या सावलीत चार कुत्री पसरलेली. कळमेश्वरच्या कारखान्यांकडून आलेली असावीत. पूर्वी उन्हाळ्यात ती इतक्या आत येत नसत, वाटेत कुठे पाणीच नव्हतं. हे तिथल्या तिथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उलट मला बरं वाटलं, की चला, कुणीतरी पितंय.

त्यानंतरच्या रविवारी काकू मला बाभळीखाली घेऊन गेल्या. मादी पडली होती, पोटाकडून फाडलेली. "काल सकाळी धरलं तिले कुत्र्यायनं," त्या म्हणाल्या. "लय पळाली."

मी टाक्याभोवतीच्या चिखलात वाकून वाकून तिच्या खुरांची खूण शोधली. एकदा तरी ती प्यायला आली असेल, एवढाच आधार मला पुरला असता. सगळीकडे कुत्र्यांचे पंजे होते. सारा जन्म ती पाण्यावाचून जगली होती, आणि पाण्यावाचून जगता येत होतं म्हणूनच सुरक्षित होती. हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. जिला पाणी पाजायला हवं होतं तिची थट्टा केली, आणि जिला नको होतं तिच्या दारात नेऊन ओतलं.

टाक्याचा बोळा मीच काढला. पाणी वाहून जाताना कुत्री धावत आली आणि ओली माती चाटू लागली. ऊन चढलं होतं, त्यांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या. काकू पाइप हातात धरून उभ्या होत्या.

"बाई, भरू का नको?"

एक कुत्रं शेपटी हलवत जवळ आलं आणि माझा हात चाटू लागलं.