अंगठ्यापासून डोळ्यापर्यंत

मंगळसूत्रं गाठवणं हे माझ्या सासरचं काम, आणि गेली कित्येक वर्षं माझं. केजच्या बाजारात एका सोनाराच्या ओट्यावर मी बसते. खाली पोतं, पुढ्यात काळ्या मण्यांचे डबे, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा. तो ताणून धरायचा, त्याला मेण चोळायचं, मग मणी ओवत आणि गाठी मारत पुढं सरकायचं. त्यामुळं मला बोटांच्या चिमटीतलंही दिसावं लागतं, पार अंगठ्यापाशी दोऱ्याला पीळ पडला तर तोही दिसावा लागतो, आणि समोर बसलेल्या बाईचं तोंडही.

तोंड बघावंच लागतं. डोरलं, म्हणजे मंगळसूत्रच, गळ्यातून उतरवल्यावर आमच्याकडची बाई मोकळ्या गळ्यानं बसत नाही. काळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून तेवढ्यापुरतं गळ्यात घालते, आणि तिचं डोरलं तयार होईपर्यंत ओट्यावरून हलत नाही. हाताखाली हळकुंड धरून बसलेल्या बाईचा जीव किती खालीवर होतोय, ते बघून हात उरकायचा असतो.

चाळिशी सगळ्यांना लागते, मलाही लागली. आधी सुईचं नेढं हरवलं, मग काळा मणी काळ्या दोऱ्यावर कुठं संपतो ते कळेना. लांबचं मात्र टक्क दिसायचं. स्टँडकडं वळणाऱ्या एसटीची पाटी मी ओट्यावरून वाचायची, आणि मांडीवरची गाठ दिसायची नाही. मी बाजारातून चष्मा आणला. मान खाली घातली की तो घामानं नाकावरून घसरे. चिमटीतलं दिसे, पण अंगठ्याकडचा दोरा धुक्यात जाई, आणि मान वर केली की समोरची बाई विरघळे. मग काढ, घाल, काढ, घाल. बायका गाठवलेलं डोरलं हातात घेऊन मणी मोजायला लागत. आधी कुणी मोजत नव्हतं.

ऊसतोडीला निघायच्या आधी बायका आमच्याकडं येतात. उसाच्या पाचटात दोरा झिजतो, म्हणून जाताना दुहेरी दोऱ्यात नव्यानं गाठवून घेतात. त्यातली एक माझी फार जुनी गिऱ्हाईक, माझ्याच वयाची, जवळच्या खेड्यातली. लग्नानंतरचं तिचं पहिलं डोरलं माझ्या सासूनं गाठवलं होतं, पुढची सगळी मी. गेल्या साली ती आली, समोर टेकली, हळकुंड बांधायला हात मानेमागं नेले. मी चष्मा चढवून सुईत दोरा घालत होते. तो जात नव्हता. तिनं थोडा वेळ बघितलं आणि हात खाली घेतले.

"राहू द्या अक्का. गाडी भरायलीय. घाई हाय."

आणि ती रस्ता ओलांडून समोर गाठवायला बसणाऱ्या पटवेकऱ्याकडं गेली. तो नवा, तरणा, डोळे लख्ख. तिथं ती निवांत बसली, चहाही प्याली. लांबचं मला स्पष्ट दिसत होतं, हीच पंचाईत. मला राग आला, साधा नाही, अंगाची आग झाली. धंदा बसला तर बसला, पण त्या बाईनं जावं हे मला लागलं.

त्यानंतर मी अंबाजोगाईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी चष्म्याचे प्रकार सांगितले, मी मान हलवली. मग त्या डोळ्यात घालायच्या लेन्सवर आल्या. एका प्रकारात एकाच लेन्समध्ये जवळचं आणि लांबचं दोन्ही बसवलेलं असतं. ती दोन्ही डोळ्यांत घालून बघितली. दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, आणि काळ्यावर काळं होतं तसंच राहिलं. काहींना ती छान जमते म्हणे. दुसरा प्रकार मला चेष्टेचा वाटला. एकाच डोळ्यात लेन्स घालायची. तो डोळा जवळचं बघणार, दुसरा आहे तसाच लांबचं. "डोक्याला सवय होते," त्या म्हणाल्या, "पण सगळ्यांच्या नाही." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता घरात कोणत्या डोळ्यानं माझ्याकडं बघणार?"

तरी मी तीच घेतली, आणि पहिल्या खेपेला फसलंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेपर वाचताना कुठं धरता?" मी धरून दाखवला. त्यांनी त्या अंतराचा नंबर दिला. घरी येऊन बसले तर पेपर झकास दिसतो, अंगठा नाही. आता मला पेपर वाचून काय करायचंय? परत गेले. तोंडानं सांगून ते पटेना, तेव्हा मी सरळ फरशीवर बसले, पाय लांब केला, पिशवीतला दोरा अंगठ्याला अडकवला आणि ताणला. बाकावरचे पेशंट उठून बघायला लागले. डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि अंगठ्यापासून डोळ्यापर्यंत टेप धरली. "हे आधी सांगायचं ना," म्हणाल्या आणि हसल्या. नंबर उतरवला. चिमटीतलं अगदी कोरीव दिसणार नाही, पण मणीही दिसेल आणि अंगठाही, असं मधलं काहीतरी त्यांनी काढलं.

पहिले काही दिवस पायरी चुकायची आणि चहा कपाबाहेर जायचा. शिवाय लेन्स सकाळी घरूनच घालून निघावी लागते, कारण एकदा बोटाला मेण लागलं की साबणानंही लवकर सुटत नाही आणि लेन्स चिकट होते. धुरळा उडवत जीप गेली की डोळे मिटून घ्यायचे. हे सगळं जमलं. सुईत दोरा जायला लागला.

या साली ती पुन्हा आली. रस्त्यापलीकडं उभी राहून ती माझ्या सुईकडं बघत असतानाच मी ओळखली आणि मान खाली घातली. ती समोर येऊन टेकली, डोरलं काढून माझ्या हातात दिलं, हळकुंड बांधलं. मी गाठवायला घेतलं. चष्मा नाही, चाचपणं नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती. निम्मं झाल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही.

"समोरच्याचा दोरा तुटला का गं?"

"न्हाई अक्का. त्याचं काम चांगलं हाय."

"मग?"

ती हळकुंडाशी खेळत बसली. मग म्हणाली, "तवा तुमी सुई चाचपत होता. अन् मला तर जवळचं कायबी दिसत न्हाई. तुमालाबी दिसंना, मलाबी दिसंना, मग गाठ बसली का न्हाई ते बघावं कुणी?"

माझा हात थांबला. "तसं सांगायचं मला."

"कावून सांगू? मोळी बांधताना दिसत न्हाई म्हनलं तर टोळीत घेत्यात व्हय?"

वर्षभराचा राग होता, तो ठेवायला मला जागा मिळेना. मण्यांच्या डब्यामागं माझा जुना चष्मा पडलेला होता. मी तो पदराला पुसला आणि तिच्यापुढं धरला. तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, ओळखीचं कुणी नाही ना, आणि मग घातला. मला वाटलं, आता माझी गाठ बघेल. मी डोरलं तिच्याकडं सरकवलंसुद्धा.

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. स्वतःचे तळहात वर करून बघितले, मग उलटे केले, मग पुन्हा सुलटे.

"एवढ्या भेगा पडल्यात व्हय," ती म्हणाली. "मला वाटायचं, नुसतं खरखर लागतंय."