बांगड्यांचा सीन

आमची खानावळ सोमवारी बंद असते. सोमवारी मटण खाणारे कमी, म्हणून मालकीणबाई चूलच पेटवत नाहीत. त्या सुट्टीत आम्ही भाकरी थापणाऱ्या तिघी बाराच्या खेळाला जायचो. एक मी, एक पेठ वडगावची, एक कोडोलीची. आमच्यात नावानं हाक मारत नाहीत, गावावर भागतं. मला सगळ्या म्हातारी म्हणतात, कारण मी सगळ्यांत थोरली आहे आणि तोंडानं फटकळ.

मालकीणबाईंचे गुडघे गेलेले आहेत. थेटरच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. म्हणून मंगळवारी भाकरी थापता थापता आम्ही त्यांना पिक्चर सांगायचा, असा रिवाज पडला होता. त्या स्टुलावर बसून ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, “फुगला का न्हाय?” भाकरी फुगली तर चांगली, तसाच पिक्चर. एखादा आवडला नाही की वडगावची म्हणायची, “पीठच शिळं हुतं.” आता फोनवर सगळे पिक्चर दिसतात, पण त्यावर भांडण होत नाही. जिनं तिनं वेगळाच बघितलेला असतो. एकत्र बघितला की भांडता येतं, आणि कुणाला खोटंही बोलता येत नाही.

कोडोलीच्या बाईच्या घरी सोमवारच्या सुट्टीचा पत्ता नव्हता. सोमवारी मसाला कुटायचं काम असतं, असं तिनं मुलाला सांगून ठेवलं होतं.

“साठीला आलीस आणि पोराला भितीस?” मी म्हणायचे.

“भीत न्हाय गं. कटकट नको.”

पिक्चर सुटला की एसटी स्टँडला जायच्या आधी ती कासाराच्या दुकानात शिरायची. पदराच्या गाठीतून एक काचेची बांगडी मापाला काढायची आणि त्या मापाच्या डझनभर हिरव्या बांगड्या घ्यायची. सुनेसाठी. तिचं स्वतःचं मनगट जाड. ती बांगडी तिच्या चार बोटांवरूनही गेली नसती.

“सुनेचं लई लाड चालल्यात,” वडगावची म्हणायची.

“कामाची हाय. फुटत्यात.”

मी त्यावर कधी विचार केला नाही. भांडी घासताना बांगड्या फुटतातच.

मग तो पिक्चर आला. त्यात एक बाई चहाचा गाडा चालवून एकुलता एक मुलगा वाढवते. मुलगा मोठा होतो, लग्न करतो आणि बायकोला मारायला लागतो. आई बरेच दिवस सोसते आणि एक दिवस स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन त्याच्याविरुद्ध तक्रार देते. पोलीस त्याला गाडीत घालतात. आई ठाण्याच्या पायरीवर बसते. तिथं पिक्चर संपतो. लोक टाळ्या वाजवत उठले. मीही वाजवल्या.

मंगळवारी आम्ही तो मालकीणबाईंना सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला.

“आई हाय का कसाई? पोटच्या पोराला कोण देतंय पोलिसात?”

“पिच्चरात समदं देत्यात,” वडगावची म्हणाली. “मला राग कशाचा आला, तर एक गाणं न्हाय. दोन तास नुसतं रडं. तिकीट काढून रडायला कशाला जायाचं? घरात काय कमी हाय?”

“रडं ऱ्हाऊ दे,” मी म्हणाले. “बाई शाणी हुती, पर उशीर केला तिनं. मी असतो तर पयल्या थपडेलाच नेऊन घातला असता.”

“तुला पोरगा कुठं हाय?” कोडोलीची म्हणाली. तिनं तव्यावरची नजर उचलली नाही. “दोन पोरी, त्या बी दिल्या घरी. तुला बोलायला काय जातंय?”

झोंबलं मला. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

“मला एवढंच सांगा,” ती पुढं म्हणाली. “पिच्चरातली आई मग गेली कुठं? घर पोराचं. सून म्हायेरी गेली असणार. सांजचं जेवली कुठं ती?”

“पिच्चर संपला की गं,” वडगावची म्हणाली. “संपल्यावर कोण जेवत न्हाय.”

“तुमचा संपला. तिचा कुठं संपलाय?”

मालकीणबाई म्हणाल्या, “हे मातर बरोबर बोलली.”

मला हरायची सवय नाही. मी म्हणाले, आधी एवढे दिवस मार बघत बसली, तिला जेवायची काळजी कशाला?

“बघत न्हवती बसली,” कोडोलीची एकदम मोठ्यानं म्हणाली. “पोरानं बांगड्या फोडल्या की दरवेळी नव्या आणून सुनेच्या हातात भरत हुती न्हवं? चार लोकांत सुनेचा हात उगडा दिसू दिला न्हाय कधी. बाईमाणसानं आणि काय करायचं?”

“कुठं हाय असला सीन?” मी म्हणाले.

“हाय की.”

“अख्ख्या पिच्चरात बांगडी न्हाय एक. झोपलीस तू. घोरत हुतीस, मी कोपरानं ढोसली तुला. व्हय का न्हाय गं?”

वडगावची हसायला लागली. मालकीणबाईही हसल्या. “सपनात पिच्चर बघती आणि आमच्यासंगं भांडती,” त्या म्हणाल्या.

कोडोलीची म्हणाली, “असंल बाई. लागला असंल डोळा.” आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

ती घोरत नव्हती. तिचा डोळाही लागला नव्हता. ते मी जिंकायचं म्हणून पदरचं घातलं होतं.

बुधवारी ती कामावर आली नाही. गुरुवारीही नाही. मालकीणबाईंनी फोन लावला तर हात दुखतोय म्हणाली. शनिवारी मी बाजारातून येत होते. कासारानं दुकानातून हाक मारली.

“मावशी, तुमच्या कोडोलीच्या बाईंनी सांगितलेल्या बांगड्या बांधून ठेवल्यात. न्यायला आल्या न्हाईत. महिन्यात ही तिसरी खेप. सून काय बांगड्या खाती काय त्यांची?”

तो चेष्टेनं बोलला. मी चौथीपर्यंत शिकले, पण इतकी अडाणी नाही. जो सीन पिक्चरमध्ये नव्हता तो तिनं कुठं बघितला, हे मला त्या दुकानासमोर कळलं. चार दिवस उशिरा कळलं. मी ती पुडी घेतली.

सोमवारी वडगावची एकटी पिक्चरला गेली. मी कोडोलीला जाणारी गाडी धरली. जायला निमित्त हवं म्हणून पुडी पिशवीत होती.

दारात तिचा मुलगाच होता. मोटरसायकल पुसत होता. मला बघून उठला.

“या की मावशी. कवा आलासा? आज मसाल्याचं काम न्हाय व्हय?”

मी तर ते विसरूनच गेले होते. “मिरच्या आल्या न्हाईत,” मी म्हणाले. “काम बंद हाय.”

त्यानं खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, पाय टेकायला पाट आणून ठेवला. पिक्चरमधल्या पोराला पहिल्या सीनपासून लाल डोळे दिले होते. ह्याचे डोळे साधे होते. ह्याला गल्लीत कुणीही चांगलाच म्हणेल. कोडोलीची भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

सून चहा घेऊन आली. पदर दोन्ही हातांवरून बोटांपर्यंत ओढलेला. कप ठेवायला वाकली तेव्हा तो सरकला. एका हातात दोन बांगड्या, दुसऱ्यात एकही नाही, आणि त्या मनगटाच्या भोवती निळं-पिवळं. मी बघितलं. मी बघितलेलं त्यानं बघितलं.

“धांदरट हाय,” तो हसून म्हणाला. “बांगड्या टिकतच न्हाईत हिच्या हातात.”

मी चहा प्याले. दुसरं काही केलं नाही. चहा चांगला झालाय, असंसुद्धा म्हणाले.

कोडोलीची मला स्टँडपर्यंत सोडायला आली. स्टँडवर आल्यावर तिनं हात पुढं केला.

“आण ती पुडी. कासाराचा कागद वळखतो मी.”

“देत न्हाय.”

“पैसं देतो तुला.”

“पैशाचं न्हाय. हात उगडं ऱ्हाऊ देत तिचं. गावाला दिसू देत.”

“दादला जिता असताना?” ती ओरडली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. तिनं आवाज खाली आणला. “तुला कळतंय का तू काय बोलालीस?”

“तू झाकतीस म्हणून तो फोडतोय.”

ती म्हणाली, “त्याच्या पंख्याखाली बसून च्या पिऊन आलीस की. तवा का न्हाय बोललीस?”

गाडी आली, मी चढले. पुडी माझ्याच पिशवीत राहिली. गाडीत मला सारखं वाटत होतं, आज बांगड्या नाहीत, उघडे हात दिसले म्हणून तो त्या पोरीला आणखी मारेल. एकदा मनात आलं, उतरावं आणि देऊन यावं. उतरले नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही.

आठवडा गेला, कोडोलीची कामावर आली नाही. दुसऱ्या मंगळवारी आम्ही भाकरी थापत होतो. मागच्या दारात कोडोलीची येऊन उभी राहिली. तिच्यामागं सून, हातात एक पिशवी. सुनेचे दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे होते. एक बांगडी नाही. तशीच गर्दीच्या गाडीत बसून आली होती. वडगावची उठून उभी राहिली.

कोडोलीची माझ्यासमोर आली.

“ऊठ. पयल्या थपडेला देणार हुतीस न्हवं? चल माझ्यासंगट. मला एकटीला बोलाय जमायचं न्हाय.”

खरं सांगते, मी घाबरले. तिचा मुलगा मला ओळखत होता. मी एकटी राहते. थेटरात टाळ्या वाजवायला काही लागत नाही.

“एवढं पीठ मळलंय,” मी म्हणाले.

मालकीणबाईंनी स्टूल पुढं ओढलं. “सरक तिथनं. माझं गुडघं गेल्यात, हात न्हाईत गेलं. जा.”

मी हात धुतले.

परत त्यांच्या गावाकडच्या ठाण्यात जायचं होतं. गाडीत सून माझ्या शेजारी बसली. ती खिडकीतून उसाकडं बघत होती. मग म्हणाली, “मावशी, आत्तींनी मला तो पिच्चर सांगितला.” ती सासूला आत्ती म्हणते. “आईनं काय केलं ते सांगितलं, पोरानं काय केलं ते सांगितलं. त्यातली सून काय म्हंती?”

मी आठवायला लागले. चहाचा गाडा आठवला, मुलाचे लाल डोळे आठवले, ठाण्याची पायरी आठवली. सुनेचं बोलणं एकही आठवेना. तिला रडायला ठेवली होती. आम्ही तिघी एवढ्या भांडलो, हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“काय म्हणत न्हाय ती,” मी सांगितलं.

“व्हय?” ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

ठाण्यात ती मात्र बोलली. आम्हाला वाटलं होतं सासू बोलेल. सासू नुसती पदराची गाठ सोडायची आणि बांधायची. लिहून घेणाऱ्या पोलीसबाईंनी सुनेला पाणी दिलं आणि शांतपणे सगळं विचारलं. कधीपासून, असं विचारल्यावर पोरीला नीट सांगता येईना. तेव्हा सासूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “गेल्या दसऱ्यापास्नं,” ती म्हणाली. “पयल्या बांगड्या मी दसऱ्याच्या बाजारात घेतल्या.” मग खाली तिनंही सही केली. सही करताना तिचा हात नेहमीसारखाच चालला, भाकरी थापताना चालतो तसा. बाहेर आल्यावर आम्ही पायरीवर बसलो नाही. तिथं ऊन होतं.

त्या मुलाला पोलिसांनी नेलं आणि नंतर तो सुटून आला. आता कोर्टात चाललंय. सून जोतिबाच्या पायथ्याला माहेरी आहे. तिथं ती कुणाच्या तरी दुकानात नारळ-गुलाल विकते. हात अजून उघडेच ठेवते, असं ऐकलं. कोडोलीची घरी गेली नाही. मुलानं निरोप पाठवला की या घरात आता तुझी ताटली नाही. ती खानावळीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांशेजारी झोपते. जेवते आमच्यातच. पण मुलाला आवडायचं ते वांग्याचं भरीत केलं की त्या दिवशी ती जेवत नाही. भूक नाही म्हणते. आम्ही आग्रह करत नाही.

माझ्याशी ती कामापुरतंच बोलते. सोमवारी पिक्चरला येत नाही.

गेल्या मंगळवारी वडगावची एका नव्या पिक्चरची गोष्ट सांगत होती. त्यात एक पोरगी घरच्यांचं न ऐकता पळून जाते. मालकीणबाई म्हणाल्या, आईबापानं तिला परत घरात घ्यायला नको होतं. वडगावची म्हणाली, घ्यायला हवं. दोघींचं जोरात जुंपलं. शेवटी मालकीणबाई माझ्याकडे वळल्या.

“म्हातारे, तू का गप? सांग की. घ्यायची का न्हाय घ्यायची?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तव्याजवळून कोडोलीची म्हणाली, “तिला नका इचारू, मालकीणबाई. ती बोलून मोकळी हुती आणि निस्तरावं दुसऱ्याला लागतंय.”

वडगावचीला हसावं की नाही कळेना. मी तोंड मिटलं आणि परातीतला गोळा पुढं ओढला. कोडोलीचीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली होती. तिनं ती काढून टोपलीत टाकली आणि दुसरीसाठी माझ्याकडे हात केला.