वीस डिग्री वाढव

आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्यामुळे बाकीच्या जगाशी आमची सुट्टी जुळत नाही. लग्नं, बारशी, मुलांच्या शाळेचे कार्यक्रम, सगळं हुकतं. उरतात ते आपल्यासारखेच गुरुवारवाले. तसे आम्ही तिघं होतो.

मी चाकणच्या एका लहान कारखान्यात क्वालिटीला आहे. लोखंडी पेट्यांचे दरवाजे आमच्याकडे येतात, त्यांच्यावर पावडरीचा रंग उडवतात आणि भट्टीत तापवून तो पक्का करतात. दुसरा त्या भट्टीवरचा ऑपरेटर. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, जवळच्याच गावचा. तिसरा आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, मूळ लातूरकडचा.

पावाचं खूळ ड्रायव्हरचं. बसवर ड्रायव्हर म्हणून लागायच्या आधी त्यानं देहूरोडला एका बेकरीत नऊ वर्षं काढली होती. कॅन्टीनमध्ये मिसळ खाताना तो पाव दोन बोटांत दाबायचा आणि म्हणायचा, "ह्याला पाव म्हणायलाव तुम्ही? गादीतला कापूस हाय राव हे." रोज तेच ऐकून ऑपरेटर एकदा वैतागून म्हणाला, "मग तू करून दाव की! आमच्या परड्यात जागा हाय."

त्याच्या परड्यात धान्याची पत्र्याची मोठी कोठी रिकामी पडून होती. शेत कंपन्यांत गेल्यापासून तिच्यात भरायला काही नव्हतं. ती आम्ही आडवी केली, खाली विटांचं चुलाण रचलं, वरून चिखल लिंपला, एका बाजूला पत्र्याचं दार बसवलं. गुरुवारी सकाळी मी चिंचवडहून मैदा आणि यीस्ट घेऊन पोचायचो. तिघंही परातीभोवती बसून पीठ तिंबायचो. वहिनी, म्हणजे ऑपरेटरची बायको, दारातून बघून हसायच्या.

"तीन बाप्ये आन् येक परात. घरी कधी कणीक तरी मळलीया का, भावजी?"

"घरी माझा नंबर लागत नाही, वहिनी."

"लावून बघा की येकदा. बायकू चक्कर येऊन पडंल."

ते गुरुवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मी मुळात बोलका नाही. कंपनीत मी साहेब होतो. परड्यात कोपरापर्यंत मैदा लागलेला एक माणूस होतो, आणि ऑपरेटर मला भाऊ म्हणायचा. पीठ तिंबताना नजर खाली असते, म्हणून असेल, पण मला तिथे बोलता यायचं. त्यालाही. सात वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढल्यावर येत्या दिवाळीत पर्मनंट करायच्या यादीत आपलं नाव आहे, हे त्यानं तिथेच सांगितलं. घराकडे एकदा बघून, आवाज खाली घेऊन म्हणाला, "अजून हिला बोललो न्हाई. कागद हातात आला की सांगीन. न्हाईतर रोज इचारत बसंल."

पाव मात्र जमत नव्हता. खालून करपायचा, आत ओलसर राहायचा. ड्रायव्हर भट्टीच्या तोंडाशी हात धरून आकडे मोजायचा. आठाला हात मागं घ्यावा लागला तर भट्टी तयार, पाचालाच लागला तर जास्त तापली. ऑपरेटरचा सगळा भरवसा नाकावर. मला दोन्ही पटेना. आयुष्यभर मोजमाप करत आलेला माणूस मी.

"आपण मोजत नाही, म्हणून चुकतं," मी म्हणालो.

"भाऊ, पावाला काय सर्टिफिकेट द्यायचंय का?"

"देऊ की. सही तू कर."

पुढच्या गुरुवारी मी कंपनीचा मीटर आणला. तळहाताएवढी डबी, तिला लांब वायर. वायरीचं टोक जिथे ठेवाल तिथलं तापमान डबीवर दिसतं. दर शुक्रवारी मी हा मीटर रंगाच्या भट्टीत सोडून तपासायचो, की भट्टी पडद्यावर दाखवते तेवढीच खरोखर तापली आहे का. मीटर कंपनीबाहेर न्यायचा नाही, अशी पाटी भिंतीवर मीच लावलेली. बुधवारी सुटताना तो डब्याच्या पिशवीत टाकला. वॉचमन माझी पिशवी कधी उघडत नसे.

त्या दिवशी पाव झाला. अगदी बेकरीसारखा. वरून बदामी, तोडला की आतून वाफ. ड्रायव्हरनं लादी नाकाशी धरली आणि पहिला तुकडा तोडून ऑपरेटरच्या हातात दिला. वहिनींनी चहात बुडवून खाल्ला. "आज जमला बगा," म्हणाल्या.

मीटर काढायला गेलो तेव्हा दिसलं, मी दार लावताना तापलेल्या पत्र्याची कड वायरीवर चेपली होती. वरचं आवरण वितळून आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी त्यावर काळी टेप गुंडाळली.

"भाऊ, कुणाला तरी दाखवून घ्या," ऑपरेटर म्हणाला. "उद्या शुक्रवार हाय."

"आकडा दाखवतोय ना? मग झालं."

शुक्रवारी मीटरनं रंगाची भट्टी एकशे ऐंशी दाखवली. भट्टीच्या पडद्यावर दोनशे होते. मी ऑपरेटरला म्हणालो, "वीस डिग्री वाढव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला माणसं होती. "साहेब, भट्टी बरोबर हाय. ती वायर..."

"मीटर सांगतोय ना? वाढव."

त्यानं वाढवली. दुपारी परत आला. "करपल्याचा वास येतोय, साहेब. रंग पिवळा पडतोय." मी दरवाजे उजेडात धरून पाहिले. पांढरा सायीकडे झुकला होता. मला दिसलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःशीसुद्धा म्हणत आलो की तेव्हा लक्षात आलं नाही. खोटं आहे ते. दिसलं होतं. पण मान्य करायचं तर मीटर बिघडलाय, वायरीच्या टोकाऐवजी चेपलेल्या जागेचं तापमान दाखवतोय म्हणायचं, मग कसा बिघडला ते सांगायचं, मग पाव सांगायचा. पंचेचाळिशीच्या माणसानं मॅनेजरपुढे उभं राहून पाव सांगायचा! नोकरी जाईल ही भीती नव्हती. हसतील, ही होती. मी माल पास केला. असा तीन दिवस केला. चौथ्या दिवशी भोसरीत एका दुकानात नवी वायर बसवून घेतली, ऑपरेटरला म्हणालो, "वीस कमी कर," आणि विषय मिटला असं धरून चाललो.

दोन आठवड्यांनी माल परत आला. आधीच्या दरवाज्यांशेजारी आमचे पिवळट दिसत होते, कडांचे टवके उडत होते.

केबिनमध्ये मॅनेजर, कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस, ऑपरेटर आणि मी. मॅनेजरनं भट्टीची नोंद पुढे सरकवली. "तीन दिवस भट्टी वीसनं वर आहे. कुणी वाढवलं सेटिंग?"

ऑपरेटर टेबलाकडे बघत उभा होता.

मी म्हणालो, "मी फक्त रीडिंग घेतो, सर. सेटिंगला हात ऑपरेटरचा असतो."

शब्द न् शब्द खरा होता. घरून येताना बसमध्ये मी ते वाक्य जुळवत आलो होतो, त्यात एकही खोटा शब्द येऊ नये म्हणून. मॅनेजरनं त्याला विचारलं, "तुला काही सांगायचंय?" आता हा मीटरचा विषय काढेल, असं मला वाटलं. त्यावरचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. तो "न्हाई" म्हणाला. आणि मला हायसं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्याच क्षणाची वाटते.

संध्याकाळी ठेकेदारानं त्याचा गेटपास काढून घेतला. दिवाळीत यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं.

मी गुरुवारी जाणं बंद केलं. घरी सांगितलं, पाठ धरलीय. ड्रायव्हर पहिले काही दिवस बसमध्ये म्हणायचा, "येत जावा की, साहेब." मग त्यानंही सोडलं. ऑपरेटर एका गोदामात माल चढवतो, एवढं कानावर आलं. अशी चार वर्षं गेली. मी कधी त्याच्या गावच्या फाट्यावर उतरलो नाही.

मग यंदा एका सकाळी बस सिग्नलला अडकली होती. मी पुढच्या सीटवर होतो. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "त्याच्या घरी अजून भांडण होतंय, ठाऊक हाय का? पोरीची फी भरायची आली की वहिनी सुरू. यादीचं तिला मागून कळलं. धड काम केलं असतं तर आज पर्मनंट असता म्हणती. तो खाली मान घालून ऐकतो."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"मी कामून सांगू? वायर मी चेपली व्हती का?"

पुढच्या गुरुवारी मी गेलो. परड्यात ड्रायव्हर आणि तो पीठ तिंबत बसले होते. ऑपरेटरनं मान वर केली. "या," म्हणाला. पुढे भाऊ नाही, साहेबही नाही.

मी उभ्यानंच म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय." हात चालूच होते. "मी वाट बघत व्हतो. वाटलं, आता बोलतील. तुमच्या आदी मी बोललो असतो तर चुगली झाली असती. म्हून गप ऱ्हायलो." मग परातीला चिकटलेलं पीठ खरवडत म्हणाला, "आन् आता मला सांगून काय? मला ठावंच हाय. तिला सांगा."

वहिनी ओट्याशी भांडी लावत होत्या. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. मीटर, वायर, वीस डिग्री, केबिनमधलं वाक्य. त्या भांडी लावत राहिल्या. झालं तेव्हा माझ्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"आन् तुमी चार वर्सं माजं ऐकून घेतलं? तोंड शिवलं व्हतं का तुमचं?"

"सांगून काय गेट उघडनार व्हतं?"

"माजं त्वांड तरी बंद झालं असतं!" त्यांचा आवाज फाटला. मग माझ्याकडे वळल्या. "साहेब, हे कंपनीत सांगितलं का?"

त्यांनी मला साहेब कधीच म्हटलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

"मग हितं कशाला आलात? पाव खायाला?"

त्यांनी मुलीच्या वहीचं पान फाडून पेन पुढे केलं. मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवत वाचलं. "यांचं नाव कुठाय ह्यात?" मी 'संबंधित ऑपरेटर' असं लिहिलं होतं. दुसरं पान घेतलं. या वेळी त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, आणि मी त्याला काय सांगितलं, त्यानं मला कसं दोनदा अडवलं, सगळं. खाली माझी सही. मी कागदाची घडी घालायला लागलो तर त्यांनी हातातून घेतला. "माज्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमच्या खिशात गेला की परत चार वर्सं जातील."

दुसऱ्या दिवशी बस कंपनीशी पोचली तर त्या गेटवर वॉचमनच्या खिडकीशी उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. ड्रायव्हरनं बस हळू केली आणि आरशात माझ्याकडे पाहिलं. मी बसून राहिलो. बस आत गेली. सगळे उतरल्यावर मी उतरलो, गेटकडे चालायला लागलो, मग पळायला. पोचलो तोवर कागद आत गेला होता आणि त्या रस्ता ओलांडून निघून गेल्या होत्या.

अकराला मॅनेजरनं बोलावलं. "हे तुम्ही लिहिलंय? की कुणी बळजबरीनं लिहून घेतलंय?" माझ्यासाठी तो वाट काढून देत होता, हे मला कळलं. एवढ्या वर्षांचा माणूस, म्हणून.

"मीच लिहिलंय. खरं आहे."

"आता काय करू मी याचं? ठेकेदारसुद्धा तो राहिला नाही."

"त्याची चूक नव्हती, एवढं कंपनीच्या कागदावर द्या, सर. त्याला घरी दाखवायला."

"घरी दाखवायला?" तो हसला. "असं पत्र कुठली कंपनी देते हो?"

मिळालं ते वेगळंच. आठवड्यानं माझ्या नावाचा मेमो आला. मीटर बाहेर नेल्याबद्दल, त्यावरून चुकीचं सेटिंग करायला लावल्याबद्दल आणि माल खराब केल्याबद्दल. वर्षाची पगारवाढ थांबली. मी तो मेमो दोनदा वाचला. कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासकट, चूक कोणाची ते लिहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्स काढली आणि ड्रायव्हरकडे दिली. पुन्हा त्या दारात जायची हिंमत नव्हती, तेही सांगून टाकतो. ऑपरेटरला नोकरी परत मिळाली नाही. तो अजून गोदामातच आहे, आणि मी माझ्या खुर्चीवर.

पुढच्या शुक्रवारी बसमध्ये चढताना मी ड्रायव्हरला विचारलं, "मेमो दिलास का?"

"दिला की. वहिनीनं दोन डाव वाचला. मग त्याच्यापुढं ठिवला आन् त्याला जेवायला वाढलं."

"मला काही निरोप?"

त्यानं माझ्यामागे चढणाऱ्या माणसांसाठी मला हातानंच पुढे सरकायची खूण केली. "न्हाई, साहेब. बसून घ्या."