गल्लीचा फोन, सुनेचा मोडेम

सुनेचं कौतुक करायची आम्हा सासवांना सवय नसते. मी तर शाळेत शिकवणारी, चुकांना लाल गोल करण्यात हयात गेलेली. तरी हे लिहिते आहे. गेल्या आठवड्यात वायफाय जरा वेळ बंद पडलं तर आमच्याकडे सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. गप्प होती ती एकटी सून. तेव्हा मला तिचा जुना मोडेम आठवला.

भिसेगावातल्या आमच्या गल्लीत त्या काळी फोन एकच, आमचा. सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवलेला, पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजारचा, असं लिहून. फोन वाजला की आमच्यातलं कुणीतरी दारातून हाक मारायचं आणि ज्याचा फोन असेल तो ओले हात पुसत यायचा. आमच्या ह्यांना याचा कोण अभिमान! फोन आपल्या नावावर असला तरी गल्लीचा आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

सून खालापूरकडच्या शेतकरी घरातली. पुण्यातल्या एका कचेरीचं टायपिंग ती घरी बसून करायची. टाइप केलेलं दुपारपर्यंत फोनच्या तारेतून पुण्याला पोचलं पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला जायचं. मोडेम म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारी डबी; तो चालू असेतो फोन अडकलेला. रोज त्याच्यापाशी ताटकळायला नको म्हणून तिने एक स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या सूचना: ठरल्या वेळी नंबर लाव, पलीकडून उत्तर आलं की नाव आणि पासवर्ड सांग, फायली पाठव, फोन ठेव. नाही लागला तर पुन्हा लाव. मोडेम शीळ घालायचा, खरखरायचा आणि मग मुकाट कामाला लागायचा. हे ती पुस्तकं वाचून स्वतःच शिकली होती. मी मात्र म्हणायचे, एवढ्या वेळात चार पोळ्या लाटून झाल्या असत्या.

एकदा तिच्या भावाचा साखरपुडा होता. आम्ही घरचे सगळे सकाळीच निघालो. कुणाचा फोन आला तर घ्यायला म्हणून किल्ली शेजारणीकडे दिली. तिची मुलगी नाशिकला. दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच होती, आणि दिवस भरत आले होते. शेजारणीचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे हिला नाशिकला जाता येत नव्हतं. परतताना आम्ही शिळफाट्याला गाड्यांच्या रांगेत अडकलो आणि घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

शेजारीण आमच्या फोनजवळ बसलेली होती. घरी यजमानांना जेवू घालून येण्यापुरती काय ती उठली असेल. फोन एकदाही वाजला नव्हता. मोडेम मात्र शीळ घालत होता, थांबत होता, पुन्हा घालत होता. सुनेच्या ते लक्षात आलं आणि तिने धावत जाऊन त्याची वायर भिंतीतून उपटली.

थोड्याच वेळात फोन आला, नाशिकच्या जावयांचा. ऑपरेशन करावं लागलं, मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. पण आत नेण्याआधी मुलीला आईशी बोलायचं होतं. जावई दिवसभर नंबर फिरवत राहिले आणि आमचा फोन दिवसभर एंगेज. रविवारी तिला फोनपाशी आणतो, तेव्हा बोला, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मशीन बंद का नाही केलंत, असं मी शेजारणीला विचारलं.

"तुमच्या सुनेचं काम चाललं असेल म्हटलं, बाई," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कामाला हात कसा लावायचा?"

ती रागावली असती तर परवडलं असतं. हे रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी सांगून टाकलं की रविवारचा हा फोन नीट आला तर ठीक, नाहीतर मोडेमची वायर कायमची निघेल. मला ते कडक वाटलं, पण चूक वाटलं नाही.

आता सून पुण्याच्या लोकांच्या नावाने खडे फोडणार, असं मी धरून चालले होते. तशी सोय होती, कारण त्या दिवशी पुण्याचं मशीनच बंद होतं.

"ते बंद व्हतं हे खरं, आई," ती म्हणाली. "पन नाय लागला तर परत लाव, एवढंच मी लिवलेलं. थांबायचं कदी ते सांगितलंच नाय. चूक माझी हाय."

एवढं स्वच्छ कबूल करणारी माणसं मी शाळेच्या स्टाफरूममध्येही फार पाहिली नाहीत. मग ती स्क्रिप्टच्या मागेच लागली. मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन पाहिला. मला फोनचा रिसीव्हर मध्येच उचलायला लावला. वायर अर्धवट काढली, भलताच नंबर दिला, आणि दर वेळी मशीन काय करतं ते हनुवटीला हात लावून पाहत बसली. वैद्यबुवा नाडी धरून बसतात तशी. दोनदा लागला नाही की मशीनने बराच वेळ गप्प राहायचं, हे तिने त्याला शिकवलं. आणि संध्याकाळी घरोघर फिरून विचारलं की तुमचा फोन कधी येतो. कुणाचा मुलगा आखातातून शुक्रवारी करायचा, कुणाची बहीण सकाळी दूध तापायच्या वेळी. त्या वेळा तिने स्क्रिप्टमध्ये घातल्या. तेव्हा मोडेमने फोनला हात लावायचा नाही.

रविवारी शेजारीण सकाळीच येऊन बसली. सुनेचंही नेमकं त्याच दिवशी काम होतं. तरी तिने मोडेमची वायर काढून शेजारणीच्या समोर ठेवली. मी तिला आत बोलावून विचारलं की स्क्रिप्ट बरोबर आहे ना, मग हे कशाला? ती म्हणाली, स्क्रिप्ट बरोबर हाय, पन काकींना धीर पायजे.

फोन लवकर येईना. दुपार होत आली. पुण्याला पाठवायचं तसंच पडून होतं आणि सून लसूण सोलत बसली होती, घड्याळाकडे न बघता. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून निम्मा लसूण माझ्याकडे ओढून घेतला.

मग फोन वाजला. शेजारीण मुलीशी बोलली, रडली, बाळाचा आवाज ऐकला. डोळे पुसून तिने समोरची वायर उचलली, ही कुठे लावायची ते विचारलं आणि ह्यांच्या देखत स्वतःच्या हाताने भिंतीत लावली.

मोडेमने शीळ घातली. पुण्याचा फोन लागला नाही. पुन्हा घातली आणि मग गप्प झाला.

"बंद पडलं का गं?" शेजारीण घाबरून म्हणाली.

"नाय, काकी. कुनाचा फोन यायचा असंल, म्हनून वाट सोडून थांबलंय."

शेजारीण पदर सावरून पुन्हा खाली बसली, आणि सुनेचं सगळं पुण्याला पोचेपर्यंत उठली नाही.