उन्हात पारखलेली प्लेट

नव्वदच्या दशकात आखाडा बाळापूरला आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. लोखंड पारखायची वडिलांची एकच रीत. प्लेट उन्हात टांगायची आणि घणाचा ठोका घालायचा. आवाज घुमला की माल बराबर. ट्रॉल्या, गेट सगळं असंच झालं आणि काही मोडलं नाही.

मग एका बर्फ कारखान्यानं पाणी गोठवणाऱ्या अमोनियाची टाकी बनवायला सांगितली. साधं पोलाद कडक थंडीत काचेसारखं तडकतं, अशा टाकीला तेवढ्याच थंडीत तपासलेली प्लेट लागते, हे मी आयटीआयमध्ये शिकलो होतो. तसं म्हणालो. वडील हसले. "हितं माणसं उन्हानं मरून राहिली अन् तू थंडीचं सांगतो?" मी प्लेट उन्हात टांगली. भंगारातली प्लेट ठोक्याला घुमली. वेल्डिंग मीच केलं.

दुसऱ्याच महिन्यात कारखान्यात टाकी तडकली. वडील शेजारी उभे होते. अमोनियानं त्यांचे डोळे गेले.

आता भर मे महिन्यात साध्या गेटचा पत्रा आला, तरी त्या तापल्या पत्र्यावर हात फिरवत ते विचारतात, "थंडीत टिकंल का रं?"

मी व्हय म्हणतो. दरवेळी तोंडात शिवी येते. ती त्यांच्यासाठी नसते.