शेजारच्याचं मागणं

सिस्टरबाईंच्या घरी स्वतःसाठी प्रार्थना करायला बंदी होती. बोरी गावात दर बुधवारी संध्याकाळी आम्ही दहाबारा ख्रिस्ती माणसं त्यांच्या ओसरीवर गोल बसायचो. आपलं दुखणं उजवीकडच्याच्या कानात सांगायचं आणि त्यानं ते देवापुढे मोठ्यानं मांडायचं, हा त्यांचा नियम. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "क्रुसावर टांगला होता तरी येशू शेजारच्या चोराशी बोललाच ना? तुझा गुडघा त्याच्याहून जास्त दुखायलाय का?"

उभा जन्म नर्स म्हणून गावची बाळंतपणं करण्यात गेलेली बाई. रडत आलेल्याला आधी लसूण सोलायला बसवायच्या. "दुखणं डोळ्याला चिकटवून बसलं की दुसरं काही दिसत न्हाई. हातभर लांब धर, मग बघ त्याच्या मागं कोण उभं हाय." हे ऐकून मला धडकी भरायची. माझ्या दुखण्यामागे कोण उभं आहे, ते मला माहीत होतं.

मी वीज सबस्टेशनवर ऑपरेटर. खांबावर चढलेला माणूस उतरून परमिटचा कागद परत देईपर्यंत वीज सोडायची नसते. त्या दुपारी शेतांवरून फोनवर फोन आले आणि मी कागद न बघता वीज सोडली. वर वायरमन दिगंबर होता. त्याचा डावा हात गेला. मी रजिस्टरात वीज सोडण्याआधीच कागद परत आल्याची खोटी वेळ लिहिली. परमिट परत देऊन पुन्हा चढला, असा ठपका त्याच्यावर आला. त्याचं कंत्राटी कामही सुटलं. मी मात्र बुधवारी पाठदुखी सांगत राहिलो.

एकदा माझ्या डावीकडे दिगंबरची बायको निर्मला येऊन बसली. कानाशी वाकून म्हणाली, "भाऊ, ह्यांना लोक खोटारडं म्हणायलेत. खरं काय ते उघडं पडू दे, म्हणा." मी घाबरून, चाचपडत सुरुवात केली आणि मग चांगली लांबलचक प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. मी चपला घालताना सिस्टरबाई हळूच बोलल्या, "लय खरं मागितलंस, लेकरा. आता देवाला एकट्यालाच कामाला लावू नको."

त्यांना कळलं होतं का? विचारायची हिंमत झाली नाही. मी जाणंच सोडलं.

मागच्या आठवड्यात त्यांचे शेवटचे दिवस आहेत असं कळलं म्हणून गेलो. निर्मलाच पेज भरवत होती. "मला मरायचं भेव वाटायलंय," सिस्टरबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी कर." इतरांना धीर देणारी ती बाई घाबरली होती. मी प्रार्थना केली. "आता तुझं सांग," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे वाकलो. त्यांनी मान हलवली. "मला न्हाई. शेजारी बसली हाय, तिला सांग."

नोकरी, पेन्शन, पोरीचं लग्न, पोलीस, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि त्या सगळ्याच्या मागे, एका हातानं शर्टाच्या गुंड्या लावणारा दिगंबर.

मी सांगितलं.

निर्मलानं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "सिस्टर, ह्या माणसासाठी मला न्हाई जमायचं."

"आज नकोच करू," सिस्टरबाई म्हणाल्या. "आधी त्याला हापिसात जाऊन येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी जबाब लिहून दिला. शनिवारी सिस्टरबाई गेल्या. मातीला निर्मला होती. मूठभर माती टाकून माझ्यापुढे थांबली. "बुधवारी ह्यांना आणते. तुमी शेजारी बसा."

आज सोमवार आहे.